लातूरहून माँपेलिएला जाताना वाटेत पुणं का लागावं?

गेल्या पावसाळ्यात बी.एस्सी. झालेली एक मुलगी परदेशातल्या एम.एस्सी.चे कागद घेऊन माझ्याकडे आली. गाव उदगीर तालुक्यातलं, जमीन कोरडवाहू, वडिलांनी तीनदा बोअर घेतलेलं आणि तिन्ही वेळा कोरडं गेलेलं. मुलीला भूजल शिकायचं होतं. का, हे विचारायची गरज पडली नाही. शहरातल्या एका सल्ला केंद्रानं तिच्या हातात फ्रान्समधल्या पाच संस्थांची यादी ठेवली होती. पाचही खासगी, पाचही इंग्रजी माध्यमाच्या, त्यातल्या चार व्यवस्थापन शिकवणाऱ्या. भूजल एकीकडेही नव्हतं. शुल्क वर्षाला बारा ते अठरा हजार युरो. वडिलांनी दोन एकर विकायची तयारी केली होती, गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. ती मला एवढंच म्हणाली, "सर, तिकडं सरकारी विद्यापीठं नसतात का?"

असतात. फ्रान्समधली विद्यापीठं मुख्यतः सरकारीच आहेत. २०१९ पर्यंत तिथं परदेशी विद्यार्थ्याकडून स्थानिक विद्यार्थ्याइतकंच शुल्क घेत. त्या वर्षी सरकारनं युरोपबाहेरून येणाऱ्यांसाठी वेगळे दर लावले: पदवीला वर्षाला २,७७० युरो, पदव्युत्तरला ३,७७०. त्यावर मोठं आंदोलन झालं, प्रकरण कोर्टात गेलं. तिथल्या संविधान परिषदेनं ऑक्टोबर २०१९ मध्ये सांगितलं की सार्वजनिक शिक्षण विनामूल्य असण्याचं तत्त्व उच्च शिक्षणालाही लागू आहे, फक्त माफक शुल्क घेता येईल. पुढच्या वर्षी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं वाढीव दर टिकवले, आणि त्यानंतर ते थोडेफार वाढतही गेले. पण अनेक विद्यापीठांनी आपल्या अधिकारात परदेशी विद्यार्थ्यांना सूट दिली. सूट मिळाली तर पदव्युत्तरचं वर्ष अडीचशे युरोंच्या आसपास पडतं. युरो शंभर रुपयांचा धरला तर पंचवीस हजार रुपये. सूट नाही मिळाली तरी चार लाखांच्या आसपास. ही सूट त्या त्या विद्यापीठाच्या हातात असते, तेव्हा अर्ज करायच्या वर्षीच ती तपासली पाहिजे. राहण्या-खाण्यासाठी महिन्याला ६१५ युरो आहेत हे व्हिसासाठी दाखवावं लागतं, म्हणजे वर्षाला सात लाख चाळीस हजारांच्या घरात. हा खर्च लहान नाही. पण विद्यार्थ्याला वर्षाला ९६४ तास काम करायची कायद्यानं मुभा आहे, आणि हा आकडा दोन एकर न विकता जमवता येण्यासारखा आहे.

मग ही विद्यापीठं तिच्या यादीत का नव्हती? एक कारण उघड आहे: सरकारी विद्यापीठ मध्यस्थाला कमिशन देत नाही. भारतातून अर्ज 'एत्यूद आँ फ्राँस' या सरकारी संकेतस्थळावरून करायचा असतो, मग कॅम्पस फ्रान्स या सरकारी संस्थेची मुलाखत होते, मग व्हिसा. या वाटेवर मध्यस्थाचं कामच नाही. दुसरं कारण मात्र खरं आहे आणि त्याच्याशी आपल्याला झगडावं लागेल. या विद्यापीठांतले बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रम फ्रेंचमध्ये शिकवतात आणि प्रवेशासाठी साधारणपणे बी-टू पातळीचं, म्हणजे सहा पायऱ्यांपैकी चौथ्या पायरीचं, फ्रेंच मागतात.

परदेशी उच्च शिक्षण म्हणजे इंग्रजीतलं शिक्षण, हा समज मराठवाड्यातल्या साध्या घरातल्या मुलांना सगळ्यात महाग पडतो. जे शुल्क वाचतं, तेच भाषा शिकण्याचं मोल आहे. ते पैशात न देता दोन वर्षांच्या मेहनतीत देता येतं, आणि मेहनत आमच्या मुलांजवळ आहे. फक्त ती भाषा शिकायला मुलांना पुण्यात खोली घेऊन राहावं लागू नये. ती लातूरला, परभणीला, हिंगोलीला, धाराशिवला, सरकारी खर्चानं मिळाली पाहिजे. हे मी वीस वर्षं पदवीच्या वर्गात शिकवून झाल्यावर म्हणतो आहे.

स्टाफरूममध्ये हे मांडलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "इंग्रजीच धड येत नाही, तिथं फ्रेंच कुठून आणता?" मला हा आक्षेप उलटा वाटतो. इंग्रजीत आमचा मुलगा स्पर्धेला उतरतो तेव्हा समोरचा पोरगा पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेला असतो, घरात इंग्रजी पेपर येत असतो. बारा-पंधरा वर्षांचं ते अंतर आयईएलटीएसच्या तीन महिन्यांच्या क्लासनं भरून निघत नाही. फ्रेंचमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेतला आणि कॉन्व्हेंटमधला, दोघंही पहिल्या दिवशी 'बोंझूर'पासून सुरू करतात. पुण्या-मुंबईत अकरावी-बारावीला मार्क मिळवून देणारा विषय म्हणून फ्रेंच घेणारी मुलं बरीच असतात, हे मला ठाऊक आहे. पण ती बहुधा पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच थांबलेली असतात. तेवढं अंतर सहा महिन्यांत तुटतं. शिवाय मराठी मुलाला नामाचं लिंग ही नवी गोष्ट नाही. टेबल पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हा प्रश्न फक्त इंग्रजी येणाऱ्याला चमत्कारिक वाटतो. आम्ही नदीला ती, ओढ्याला तो आणि तळ्याला ते म्हणत वाढलो.

आणि परक्या भाषेत उच्च शिक्षण घेणं मराठवाड्याला नवीन कधी होतं? माझे आजोबा उदगीरला वकिली करायचे. ते कायदा शिकले उर्दूत. १९१८ साली हैदराबादला सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं होतं. विज्ञान, वैद्यक, कायदा सगळं उर्दूत. घरात मराठी, बाजारात कानडी आणि मराठी, आणि कचेरीत उर्दू. यात आपण काही विशेष करतो आहोत असं आजोबांना कधी वाटलं नाही. ती सक्ती होती आणि तिच्यात अन्याय होता. मराठीतून शिकण्याचा हक्क निजामी राजवटीत नाकारला गेला, स्वामी रामानंद तीर्थांच्या पिढीनं त्यासाठी किंमत मोजली, हे मी विसरत नाही. मला एवढंच सांगायचं आहे की या मातीतल्या माणसाला दुसरी-तिसरी भाषा पेलत नाही, असं म्हणायला इतिहासात आधार नाही. भाषा हातातून गेली की काय होतं, तेही आम्ही नुकतंच पाहिलं. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकाळातले दप्तरांचे गठ्ठे बाहेर निघाले, तेव्हा गावोगाव उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना शोधत फिरावं लागलं. ज्या भाषेत आमच्या आजोबांनी शेतीचे दावे लढवले, तिच्यातली एक ओळ वाचायला नातवांना माणूस मिळेना.

फ्रेंचच का, जर्मन का नाही? जर्मन शिकणाऱ्याला मी कधीही अडवणार नाही. तिथल्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठाला शिकवणीचं शुल्कच नाही. माझा युक्तिवाद त्यालाही तितकाच लागू आहे. फ्रेंचच्या बाजूनं दोन गोष्टी जास्तीच्या. ही भाषा एका देशाची नाही: बेल्जियममधलं लिएज, स्वित्झर्लंडमधलं जिनिव्हा, जिथं सत्राचं शुल्क पाचशे फ्रँक आहे, आणि कॅनडातला क्वेबेक प्रांत, इथंही तीच चालते. एका देशानं दार लोटलं तर दुसरं ठोठावता येतं, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत कॅनडानं विद्यार्थी परवान्यांना जी कात्री लावली ती पाहिल्यावर हे महत्त्वाचं वाटतं. दुसरं म्हणजे फ्रान्सची पदवीही तीन वर्षांचीच असते, त्यामुळे आपली तीन वर्षांची बी.ए. किंवा बी.एस्सी. तिथं अपुरी ठरत नाही. एकमेकांच्या पदव्या मानण्याचा करारही दोन्ही देशांत मार्च २०१८ मध्ये झाला आहे.

पण मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती विषयांची. जायकवाडीचं पाणी घ्या. वरच्या धरणांतून किती सोडायचं यावर पावसाळा सरता सरता नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात वाद पेटतो, समन्यायी वाटपाचा कायदा २००५ साली होऊनही. फ्रान्सनं डिसेंबर १९६४ मध्ये कायदा करून देशाची सहा नदीखोऱ्यांत वाटणी केली. प्रत्येक खोऱ्याला स्वतंत्र पाणी संस्था दिली, आणि शेतकरी, नगरपालिका, कारखानदार, सरकार यांना एकाच खोरे समितीत बसवलं. त्या समितीला तिथले लोक पाण्याची संसद म्हणतात. पाणी वापरणाऱ्यानं आणि घाण करणाऱ्यानं खोऱ्याच्या तिजोरीत पैसे भरायचे आणि तेच पैसे त्याच खोऱ्यात खर्च व्हायचे. ही व्यवस्था निर्दोष नाही, पण साठ वर्षं चालली आहे आणि तिच्या यशापयशाचं दप्तर फ्रेंचमध्ये पडलं आहे. गोदावरी खोऱ्याचा विचार करणारी आमची दहा मुलं ते मुळातून वाचू शकली, तर २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरला त्याचा उपयोग होईल.

किंवा शेती घ्या. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. 'परभणी मोती' ज्वारी तिथलीच. दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात उष्ण प्रदेशांतल्या शेतीचं संशोधन करणारी सिराद ही फ्रेंच संस्था ज्वारीवरच काम करते, आफ्रिकेतल्या कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी. पाण्याच्या अभ्यासाचं युनेस्कोची मान्यता असलेलं केंद्रही त्याच शहरात आहे. एकोणिसाव्या शतकात मुळं खाणाऱ्या फिलॉक्सेरा किडीनं फ्रान्सच्या द्राक्षबागा संपत आल्या होत्या. १८६८ मध्ये माँपेलिएच्या प्लांशाँ यांनी तिचा छडा लावला आणि शेवटी अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच द्राक्षाचं कलम बांधून बागा वाचल्या. जालन्याचा मोसंबीवाला खुंट आणि कलम यावर तासभर बोलू शकतो. त्याच्या मुलानं ही कहाणी जिथं घडली तिथं जाऊन शिकावं, यात मला काहीच अशक्य दिसत नाही.

भाषेच्या विद्यार्थ्यांना तर मी हात धरून सांगतो. मराठी कशी घडली याचा पहिला भक्कम शास्त्रीय ग्रंथ झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानं लिहिला आणि तो १९२० साली पॅरिसला फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला, ज्ञानेश्वरांचं आपेगाव पैठणजवळ, नामदेवांचं नर्सी हिंगोलीत, आणि या सगळ्यांच्या भाषेचा इतिहास वाचायचा तर आम्हाला भाषांतराचा आधार घ्यावा लागतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्या एका तरी मुलीनं ब्लॉक मुळातून वाचावा, ही माझी त्या दिवसापासूनची इच्छा आहे.

आता हे करायचं कसं? बी-टूपर्यंत जायला साधारण पाचशे ते सहाशे तास लागतात. रोज एक तास, वर्षाला तीनशे दिवस, दोन वर्षं. हा हिशेब ऐकून पुण्यातला माणूस घाबरेल, लातूरच्या माणसानं घाबरू नये. दहावी झालेल्या लेकराला घेऊन आई-बाप इथं खोली करून राहतात, दोन वर्षं डबा, क्लास, रविवारची चाचणी असं घड्याळ लावून नीटची तयारी करून घेतात. शिस्तीनं दोन वर्षं एकाच गोष्टीमागं लागणं हे या शहराचं कसब आहे. मेडिकलच्या जागा मोजक्या. तेच कसब दुसरीकडे वळवायला काय हरकत आहे?

विद्यापीठांनी सुरुवात करावी. नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह आहेत, आणि २०२० च्या त्या धोरणात शिकवायच्या परकीय भाषांमध्ये फ्रेंचचं नावही आहे. दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे तीस तास. सहाही सत्रं फ्रेंच घेतलं तरी १८० तास होतात, ए-टू म्हणजे दुसऱ्या पायरीच्या आसपास. म्हणजे महाविद्यालय एकटं पुरणार नाही हे मान्य. पण पाया तिथं पडतो. उरलेलं एक वर्ष पूर्ण वेळ भाषेचं करता येतं. फ्रान्सनंही आता ही अडचण ओळखली आहे: २०३० पर्यंत भारतातून ३०,००० विद्यार्थी यावेत असं राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं, तेव्हा आधी फ्रेंच न शिकलेल्यांसाठी 'आंतरराष्ट्रीय वर्ग'ही जाहीर केले. एक वर्ष तिथं भाषा, मग विद्यापीठ. त्या वर्गात ए-टू घेऊन जाणारा आणि कोरा जाणारा यांच्यात फार फरक पडेल.

शिक्षक कुठून आणायचे, हा प्रश्न मला विचारला जातो. हैदराबादच्या इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठातून फ्रेंच शिकलेली मुलं दरवर्षी बाहेर पडतात. वेरूळ-अजिंठ्याला तर आमच्याच भागातले गाईड फ्रेंच प्रवाशांशी दिवसभर फ्रेंच बोलतात. पोटासाठी भाषा शिकून ती निभावून नेल्याचा पुरावा लेण्यांच्या पायऱ्यांवर उभा आहे. आठ जिल्हे आहेत. सुरुवातीला आठ शिक्षक द्या, प्रत्येकाला एक खोली आणि चांगलं इंटरनेट द्या. डेल्फ ही फ्रेंचची पातळी ठरवणारी परीक्षा मराठवाड्यात व्हावी म्हणून फ्रेंच शिकवणाऱ्या अलियाँस फ्रान्सेज या संस्थेशी विद्यापीठानं बोलावं. आज त्या एका परीक्षेसाठी नांदेडच्या मुलाला हैदराबाद नाहीतर पुणं गाठावं लागतं.

शासनाकडे माझं दुसरं मागणं आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळते, इतर समाजघटकांसाठीही आता अशा योजना आहेत. फार मोलाच्या योजना आहेत या. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं, त्या परंपरेतल्या. पण त्यांत जागतिक क्रमवारीतल्या ठरावीक क्रमांकाच्या आतलंच विद्यापीठ हवं अशी अट असते. ही क्रमवारी अवाढव्य, इंग्रजीत लिहिणाऱ्या, सगळे विषय एका छताखाली शिकवणाऱ्या विद्यापीठांना सोयीची आहे. फ्रान्समध्ये बरंचसं संशोधन राष्ट्रीय संशोधन संस्था आणि विद्यापीठं मिळून चालवतात, आणि शेतीसारख्या एकाच विषयाला वाहिलेल्या उत्तम संस्था त्या सर्वसाधारण यादीत दिसतच नाहीत. परिणाम असा की महागड्या विद्यापीठाचं भरमसाट शुल्क शासन भरतं, आणि पंचवीस हजारांत चांगलं शिकवणाऱ्या ठिकाणी जाणाऱ्याला नकार येतो. क्रमवारीऐवजी, निदान क्रमवारीबरोबर, अभ्यासक्रम पाहावा, भाषेची पातळी हा गुण धरावा आणि भाषेचं वर्षही शिष्यवृत्तीत बसवावं. तेवढ्याच पैशात जास्त मुलं जातील.

अर्जाबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण मुलं हरतात ती तिथं. फ्रेंच विद्यापीठ प्रेरणापत्र मागतं, आणि मुलाखतीतही हेच विचारतात: हाच अभ्यासक्रम का, आधीच्या शिक्षणाशी त्याचा सांधा कुठं, पुढं काय करणार. त्या मुलीच्या सल्ला केंद्रानं लिहून दिलेल्या पत्रात 'लहानपणापासून फ्रेंच संस्कृतीचं आकर्षण' होतं. मी ते बाजूला ठेवलं आणि म्हटलं, तुझ्या शिवाराबद्दल लिही. दोन दिवसांनी तिनं जे आणलं त्यात तीन बोअरची खोली होती, कोणत्या वर्षी घेतली ते होतं, बेसॉल्टच्या थरांत पाणी कुठं मुरतं आणि कुठं मुरत नाही हे तिनं पाठ्यपुस्तकातून ताडून पाहिलेलं होतं, आणि शेजारच्याच्या बोअरला पाणी का लागलं हा तिचा न सुटलेला प्रश्न होता. पदव्युत्तर अर्जात याहून जास्त काय लागतं? एकसष्ट टक्क्यांची तिला लाज वाटत होती. फ्रान्समध्ये गुण वीसपैकी देतात, दहाला उत्तीर्ण, बारा म्हणजे बऱ्यापैकी, आणि सोळाच्या पुढे क्वचित कोणी जातं. आपले टक्के तिथं नेमके कसे मोजतील हे विद्यापीठागणिक ठरतं, पण नव्वदच्या खालचं सगळं फुकट, हे आपल्याकडचं भूत तिथं नाही.

वेळेचं गणित मात्र कडक असतं. अर्जाचं संकेतस्थळावरचं खातं ऑक्टोबरात उघडतं, वर्ग पुढच्या सप्टेंबरात भरतात. माझ्या एका विद्यार्थ्याचा प्रवेश पक्का झाला होता आणि शेवटच्या सत्राची गुणपत्रिका ऑगस्ट संपला तरी कार्यालयातून निघाली नाही. त्याचं वर्ष गेलं. परदेशी प्रवेशाचं पत्र दाखवणाऱ्या मुलाला पंधरा दिवसांत कागद देणारी एक खिडकी प्रत्येक विद्यापीठात असावी, यासाठी फार पैसा लागत नाही.

हे सगळ्यांसाठी आहे असं मी म्हणत नाही. विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्याला फ्रेंच प्रयोगशाळेत इंग्रजीवर काम भागवता येतं, त्यानं दोन वर्षं भाषेत घालवू नयेत. ज्या घरात कर्जाचा हप्ता आधीच चालू आहे त्यानं सात लाखांचा दाखला उसना आणून निघू नये. आणि फ्रेंच हीसुद्धा साम्राज्याचीच भाषा आहे, हे विसरून चालणार नाही. त्या वर्गांत शेजारी बसणारी मोरोक्को, सेनेगल, कॅमेरूनची मुलं ती भाषा का बोलतात याला इतिहास आहे. आम्ही मात्र ती आपणहून, डोळे उघडे ठेवून, आमच्या कामासाठी घेतो आहोत. पानिपतावर लढलेल्या इब्राहिमखानाच्या पलटणीचं 'गारदी' हे नावही फ्रेंच 'गार्द'वरून आलं असं मानतात. तो शब्द आम्ही मराठी करून टाकला.

या जूनपासून आमच्या महाविद्यालयात सकाळी सात ते आठ एक वर्ग मागून घेतला आहे. अकरा मुलं येतात, त्यातल्या सात मुली. शिकवणारी तरुणी हैदराबादहून पडद्यावर येते. लाईट गेली की वर्ग थांबतो, म्हणून प्राचार्यांकडे इन्व्हर्टर मागितला आहे. उदगीरची ती मुलगी पहिल्या बाकावर बसते. दोन एकर विकलेली नाहीत. तिची ए-टूची परीक्षा डिसेंबरात हैदराबादला आहे, बीदरमार्गे जाणारी गाडी तिनं बघून ठेवली आहे, आणि वडील बरोबर जाणार आहेत.